बारा आणे पाणी

तेराव्याला माणसं आली, जेवली आणि जाताना एकजात म्हणाली, "बिचारी चांगली होती."

मला राग आला. माझी बायको चांगली होती की नव्हती ते मी सांगेन, पण बिचारी ती एक दिवससुद्धा नव्हती. तिच्या तोंडाला आमच्या वस्तीतला पाटील भ्यायचा. माझी माय, जिला सगळं गाव भ्यायचं, ती म्हातारपणी सुनेला विचारून भाकर खायची. असल्या बाईला बिचारी म्हणणाऱ्यांनी तिला ओळखलंच नाही. म्हणून हे लिहायला बसलो. लेक म्हणतो, अप्पा, कशाला डोळे फोडता. मी म्हणतो, माझे डोळे आहेत, मी फोडीन.

माझी शाळा तिसरीपर्यंत. तीही उर्दूत, कारण राज्य निजामाचं होतं. घरात मराठी, बाजारात कानडी, शाळेत उर्दू. तिन्हीकडं थोडा थोडा वाटला गेलो. मराठी अक्षरं पुढं पोरांच्या पुस्तकांवरून उचलली. तेव्हा चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यानं पोटात घालावं.

हुमनाबादेच्या अलीकडं, आता जिथं ढाब्यामागं लॉऱ्या धुतात, तिथं एका जहागीरदाराची बाग होती. पेरू, सीताफळ, मोगऱ्याचे वाफे, मेंदीचं कुंपण. मधोमध दगडी हौद. चारी अंगांनी आत उतरणाऱ्या पायऱ्या. शेवटच्या पायरीवर उभं राहिलं की पाणी माझ्या छातीला लागायचं आणि त्याच्याही खाली तळ होता. मधे दगडाचं कमळ होतं, त्यातून म्हणे पूर्वी कारंजं उडायचं. मी उडालेलं पाहिलं नाही.

मी त्या बागेचा मोटकरी. आम्ही मूळचे मेंढरं राखणारे, पण माझा बाप मोटेवर लागला आणि त्याच्यामागं मी. बैल बागेचे, विहीर बागेची, मोट हाकायची आणि पाणी काढायचं काम माझं. चामड्याची मोट भरून वर आली की थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या दगडी कुंडात, रिकामी व्हायची. तिथून पाटानं पाणी हौदात जायचं. हौद भरला की जादा पाणी वरच्या काठाच्या मोरीतून बाहेर पडून मोगऱ्याला मिळायचं. वस्तीतल्या बायकाही त्याच थारोळ्यावर घागरी भरायच्या. आसपास गोडं पाणी तेवढंच. त्याच्यानंतर ओढा, आणि ओढा उन्हाळ्यात कुठवर मागं जाईल याचा भरवसा नसायचा.

जहागीरदार वारले होते. मागं त्यांची बेगम होती. तिला आम्ही बाईसाहेब म्हणायचो. हौदात मिशा असलेले मोठे मासे होते. मालकांनी ते बोटाएवढे असताना मडक्यात घालून बैलगाडीनं आणले होते. मालक गेल्यावर बाईसाहेब रोज संध्याकाळी हौदाच्या काठाला बाज टाकून बसायच्या, भाकरीचा चुरा टाकायच्या आणि माशांशी बोलायच्या. आम्ही गडी माणसं मागं हसायचो. आता मी हसत नाही. परवा मी बायकोच्या चुलीपाशी बसून एकटाच बोलत होतो, तर सुनेनं आत येऊन विचारलं, कोण आलंय.

बागेच्या कोपऱ्यात लिंबाखाली एका पीराची कबर होती. अंगावर चामखीळ उठली की माणसं गुरुवारी तिथं यायची, कबरीवर फुलं घालायची आणि मूठभर खडेमीठ हौदात टाकायची. मीठ विरघळतं तशी चामखीळ विरघळते, असं सगळे मानायचे. त्यात हिंदू आले, मुसलमान आले, कानडी आले, मराठी आले. फाटक उघडं ठेवा असं मालक सांगून गेले होते, म्हणून बाईसाहेबांनी ते कधी लावलं नाही.

माझ्या बायकोच्या उजव्या अंगठ्यावर चामखीळ होती. ती मंठाळची. लग्न होऊन नांदायला आली त्या सालीच मायनं तिला धरून नेलं आणि मीठ टाकायला लावलं. पुढच्या गुरुवारी माय म्हणाली, "दाव बरं अंगठा."

तिनं दाखवला. चामखीळ होती तशी होती.

"आगं, मनापासून टाकलीस का?"

"मनापासूनच टाकलं, आत्याबाई. पर मीठ तर लगेच विरघळलं आन् चामखीळ हितंच हाय. आपल्या मिठाला कोणाची चामखीळ ते कळंना झालंय वाटतं. लई गर्दी हाय."

मायनं तीन दिवस स्वतःची भाकर स्वतः थापली.

मग एका साली पाऊस ओढ खाऊन गेला. मोट मी एकच वेळ हाकायचो, हौदात नवं पाणी जवळजवळ पडत नव्हतं. मीठ मात्र पडतच होतं. होळी झाली आणि मासे वर यायला लागले. पाण्यावर तोंडं काढून आ करायचे, मिटायचे, आ करायचे. एक मेला. बाईसाहेबांनी त्याला मोगऱ्याखाली पुरायला लावलं आणि दरोग्याला बोलावलं.

बागेचा दरोगा, म्हणजे देखरेखीचा कारभारी, वयस्कर होता, भालकीकडचा, घरी कानडी बोलणारा. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. माणूस चांगला. पिकाची आणेवारी करण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. उभ्या रानाच्या बांधावरून एक फेरी मारायचा आणि सांगायचा, हे दहा आणे, ते सात. सोळा आणे म्हणजे भरलं पीक. खळ्यावर मापं झाली की त्याचा शब्द खरा ठरायचा.

बाईसाहेब म्हणाल्या, "पानी खराब हुवा. पूरा बदलो."

हौद पुरा उपसायचा तर मासे उघडे पडणार आणि घारी, बगळे टपलेलेच. तेव्हा अण्णांनी हिशेब केला तो असा. हौदाचं माप आमच्याकडं बैलांच्या दमात होतं. एक दम म्हणजे बैल जुंपल्यापासून सोडीपर्यंत. रिकामा हौद दोन दमांत भरतो हे माझ्या बापाच्या वेळेपासून ठाऊक होतं. तर दोन दम पाणी वरून घालायचं. जेवढं नवं आत, तेवढं जुनं मोरीतून बाहेर. हौद बदलला. हे त्यांना पटलं, मला पटलं, माळ्यांना पटलं. न पटण्यासारखं त्यात काही दिसतच नव्हतं.

मी दोन दम मोट हाकली. मोरी धो धो वाहिली. अण्णांनी ओंजळीनं पाणी घेऊन चाखलं, मी चाखलं. गोडं. बाईसाहेबांना सांगितलं, सोळा आणे बदललं.

दुसऱ्या दिवशी मासे परत वर. आणखी एक मेला.

"फिर से बदलो," बाईसाहेब म्हणाल्या.

आता विहिरीचं सांगतो. त्या दोन दमांनी विहीर इतकी खाली गेली होती की मोटेचा नाडा जोडून लांबवावा लागला, आणि मोटेत शेवटी शेवटी चिखलाची राड यायला लागली. आणखी दोन दम म्हणजे विहीर संपली. चैत होता. पाऊस मिरगाचा, तोही आला तर. मोट हाकली नाही तर बाईसाहेब दुसरा मोटकरी आणणार. तो हाकणारच. म्हणजे मी हाकली काय आणि दुसऱ्यानं हाकली काय, वस्तीच्या बायका घागरी घेऊन ओढ्याला जाणार, आणि ओढा तेव्हा कोसावर गेला होता.

थारोळ्यावर बायका मला ऐकवायला लागल्या. एक म्हणाली, "बेगमीच्या माशांनी प्यावं आन् आमच्या लेकरांनी थुकी गिळावी. व्हय की न्हाई, मोटकरी?"

दुसरी म्हणाली, "त्यास्नी कामून बोलायलीस? ते बैलांचं ऐकतेत, बायांचं न्हाई."

घरी आलो तर बायको भाकरी थापत होती. आमचीही घागर अर्धीच होती. मी भिंतीला टेकून बसलो. ती म्हणाली, "उद्या हाकायलाव का मोट?"

"हाकावी लागंल."

"पयल्या बारीला किती पाणी बदललं?"

"सगळं. दोन दम घातलं की."

"घातलेलं न्हाई इचारलं. बदललं किती?"

"घातलं तेवढं बदललं. आणखी काय."

तिनं तव्यावरची भाकर उलटली. "आंबील करून ठेवली की वर निवळी आन् खाली घट्ट. त्याच्यावर हळूच पाणी वतलं तर ते वरच्या वरच फिरतंय. काठावरून सांडलं तरी सांडतंय ते वरचंच. मीठ खाली बसतंय, अवो. तुमी काय चाखलाव? वरचं. मासे वर कामून येयलेत? वरचं गोडं हाय म्हणून. खाली त्यास्नी ऱ्हावंना झालंय."

मी म्हणालो, "तुला काय ठावं?"

"माझ्या बापाची मेंढरं व्हती. पावसाळ्यात त्यास्नी मिठाचं पाणी मीच चाखून पाजायची. कमी पडलं तर उपेग न्हाई, जादा झालं तर हगवण. बाप माझ्या जिभेवर कळप सोडायचा. तुमी तिच्यावर दोन घागरीबी सोडंनात."

सकाळी ती माझ्याबरोबर बागेत आली. हातात चुलीची फुंकणी होती, राखेनं घासून लख्ख केलेली. फाटकावर माळी म्हणाला, "वहिनी, हौद पेटवायलाव का?" ती म्हणाली, "आधी तुझ्या मोगऱ्याची पानं बघ. खारं लागून कडा करपल्यात. मग हास."

त्याच्या पानांच्या कडा खरंच करपल्या होत्या.

अण्णा आले. तिनं त्यांना सरळ सांगितलं, पाणी बदललंच नाही, वरचा पापुद्रा बदललाय. अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "दाव."

ती लुगड्याचा काचा मारून पायऱ्या उतरली, छातीएवढ्या पाण्यात उभी राहिली. फुंकणीचं एक तोंड अंगठ्यानं दाबून धरलं आणि हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. खाली नेऊन अंगठा उचलला, परत दाबला, फुंकणी वर काढली. आत खालचंच पाणी अडकलेलं. चामखीळ त्या अंगठ्यावरच होती आणि फुंकणीला बूच बसावं तशी बसत होती. तिनं घोट घेतला, थुंकली, आणि फुंकणी अण्णांकडं दिली.

अण्णांनी चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

मग मी बुडी मारून अगदी तळाचं आणलं. ते लोणच्याच्या खारासारखं होतं. पीराच्या नावानं टाकलेलं सगळं मीठ तिथं बसलं होतं, सगळ्या चामखिळींसकट.

अण्णा काठावर बसले. "पीक बघून आणे सांगतो मी," ते म्हणाले. "पाण्याचे आणे कसे सांगायचे, अक्का?"

अक्का म्हणाले ते. माझ्या बायकोला, जिला तोवर बागेत मोटकऱ्याची बायको म्हणायचे.

ती म्हणाली, "पीक तुमी कशाशी ताडून बघताव? भरल्या पिकाशी. तसंच करू. तीन गाडगी आणा."

पहिल्या गाडग्यात तिनं एक तांब्या तळाचं खारं आणि एक तांब्या विहिरीचं ताजं ओतलं. हे आठ आणे. दुसऱ्यात एक खारं, तीन ताजं. हे बारा आणे. तिसऱ्यात तीन खारं, एक ताजं. चार आणे. मग ती हौदाचं वरचं, मधलं, खालचं पाणी फुंकणीनं काढून चाखायची, तोंड खंगाळायची, गाडग्यातलं चाखायची, परत हौदाचं. अण्णाही चाखायचे. दोघांची बघता बघता चुरस लागली. अण्णा म्हणायचे, "हे चारच्या वर." ती म्हणायची, "चारच्या वर, पर आठला पोचलं न्हाई." मला त्यांनी दोनदा चाखवलं आणि मग सोडून दिलं. मी तंबाखू खायचो.

शेवटी तिनं सांगितलं, "सगळ्या हौदाचं धरलं तर सहा आणे. वरचा निम्मा हौद बरा हाय, खालचा जुनाच हाय. तुमी एक हौदभर पाणी घातलाव आन् त्यातलं निम्म्याच्या वर मोरीतून भाईर गेलं. पाट मोरीला नेऊन सोडल्यावानी झालं. हौद मधी नुसता बघत उभा ऱ्हायला."

"मग आणखी दोन दम घातलं तर?"

"तेबी तसंच जाईल. विहीर मात्र सोळा आणे संपंल."

तळाला एक मोरी होती. लाकडाची गुडदी ठोकून बंद केलेली. ती उघडली तर खालचं खारं आधी जाणार आणि वरचं गोडं आतच राहणार, हे आता सगळ्यांना दिसत होतं. पण ती मोरी म्हणजे बागेतलं वाईट नाव. माझ्या बापाच्या आधी एकानं ती उघडली होती आणि पाण्याच्या ओढीपुढं गुडदी परत बसली नाही. हौद रिकामा झाला, मासे गाळात तडफडले, घारींनी नेले. त्यानंतरचे हे मासे. मालकांनी सक्त ताकीद दिली होती आणि बाईसाहेबांना मालकांचा शब्द म्हणजे कुराणासारखा.

अण्णा म्हणाले, "त्यांना कोण सांगणार?"

ती ओल्या लुगड्यानं तशीच गेली. आम्ही मागं. बाईसाहेब बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसल्या होत्या. तिनं सगळं सांगितलं, आंबिलीसकट. बाईसाहेबांना मराठी कळायचं, बोलायच्या मात्र दखनीत.

"कित्ता निकालते?"

"निम्मा हौद. खारं हाय तेवढंच."

"और नै रुक्या तो?"

"तर माझा घरधनी हाय की आत. त्यास्नीच लावू भोकाला."

पडद्याआडून हसू आलं. मालक गेल्यापासून कुणी ते ऐकलं नव्हतं. मग आवाज आला, "मेरे सामने करो."

मी तिच्या भरवशावर नुसता उभा राहणार नव्हतो. माझीही अक्कल मोटेची होती. जुन्या मोटेचं चामडं मी रात्रभर भिजवलं, मऊ केलं, परातीएवढं गोल कापलं आणि त्याच्या मधे चपटा दगड शिवला. गुडदी ठोकायची म्हणजे पाण्याशी भांडायचं. चामडं नुसतं भोकावर सरकवलं की पाणीच त्याला दाबून धरणार. फुटकी मोट मी आयुष्यभर ठिगळं लावून चालवली होती. ठिगळ कसं बसतं ते मला शिकवायला नको.

सकाळी सगळी वस्ती जमली. बाईसाहेबांची बाज काठाला, हातात जपाची तसबी. तळमोरीचं पाणी कुंपणाबाहेर ओघळीत पडायचं. तिथं माझी बायको बसली, समोर आठ आण्याचं गाडगं. ठरलं असं की ओघळीतलं पाणी त्या गाडग्यासारखं लागलं की वरचं गोडं तळाला पोचलं. तिथं थांबायचं. तिथून हौद दिसत नव्हता, म्हणून कुंपणापासून काठापर्यंत बायकांची रांग उभी राहिली. तिनं हाक द्यायची, रांगेनं ती माझ्यापर्यंत आणायची.

मी बुडी मारली, गुडदी हलवली, उपसली. पायाखालून ओढ लागली. वर येऊन पायरीवर उभा राहिलो, चामडं हातात.

पाणी उतरायला लागलं. एक पायरी उघडी पडली, हिरवीगार शेवाळलेली. मग दुसरी. मासे मधे गोळा झाले. लिंबावर एक घार येऊन बसली, मग आणखी एक.

अण्णा म्हणाले, "घाल आता."

मी रांगेकडं बघितलं. बायका गप्प.

आणखी एक पायरी. दगडी कमळाचं देठ दिसायला लागलं. बाईसाहेबांच्या हातातली तसबी थांबली होती. "बस करो," त्या म्हणाल्या.

अण्णा ओरडले, "अरे घाल की. बाईसाहेब सांगायल्यात."

मी म्हणालो, "अजून ती बोलली न्हाई."

हे मी म्हणालो. बागेच्या दरोग्याला आणि जहागीरदाराच्या बेगमेला, सगळ्या वस्तीसमोर. त्याचं मला आजही बरं वाटतं. अजून एक पायरी गेली असती तर काय झालं असतं हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही, कारण तिची जीभ मी रोज ऐकत होतो. ती चुकीचं बोलते असं मला पुष्कळदा वाटलं होतं. ती चुकीचं चाखते असं कधी वाटलं नव्हतं.

मग कुंपणाकडून आवाज आला. तिथल्या बाईनं पुढच्या बाईला दिला, पुढचीनं तिच्या पुढच्या बाईला, आणि शेवटी माझी माय काठावर येऊन म्हणाली, "घाल रे लेकरा, सून सांगायली."

मी खाली गेलो. चामडं भोकाजवळ नेलं आणि ते हातातून हिसकल्यासारखं जाऊन बसलं. बोट निघालं नसतं तर तेही तिथंच राहिलं असतं. वर आलो तेव्हा रांगेतून दुसरा निरोप येत होता, ओघळ थांबली.

मग मी एक दम मोट हाकली. एकच. विहिरीनं तेवढं दिलं. संध्याकाळी हौद काठोकाठ होता. बायको परत फुंकणी घेऊन उतरली. वरचं, मधलं, तळाचं काढलं, गाडग्यांशी ताडलं. अण्णांनीही चाखलं, पण या वेळी तिच्या आधी बोलले नाहीत.

"कित्ता बदल्या?" बाईसाहेबांनी विचारलं.

"बारा आणे. एखादा आणा इकडं-तिकडं."

"और सोला कब?"

"सोळा व्हत न्हाई, बाईसाहेब. कितीबी बदला, जुनं थोडं ऱ्हातंयच."

बाईसाहेब माशांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रैने दे. थोडा रैने दे."

दुसऱ्या दिवशी मासे खाली गेले. हौदाचं पाणी निवांत, वर एक तोंड नाही. थारोळ्यावर गेलो तर बायका घागरी भरत होत्या. पाणी राड बसून निवळलं होतं. मला बैलांचं ऐकणारा म्हणणारी बाई होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि माझ्या बायकोची घागर आपल्या आधी पुढं सरकवली. मिरगापर्यंत ते थारोळं एकदाही कोरडं पडलं नाही. वस्तीतली एकही घागर त्या साली ओढ्याला गेली नाही. हे मला सगळ्यात मोठं वाटतं. मासे वाचले हे बाईसाहेबांचं, घागर ओढ्याला गेली नाही हे आमचं.

मिठाचं पण तिनंच लावून दिलं. फाटक लावायचं नाही, नवस मोडायचा नाही. अण्णांना सांगून कबरीपाशी एक दगडी डोणी ठेवून घेतली आणि लोकांना सांगितलं, मीठ डोणीत टाका, पीराला दोन्ही सारखंच. ते मीठ माझे बैल चाटायचे. पुढच्या वर्षी मोगरा असा आला की वास थारोळ्यापर्यंत यायचा. चामखिळी मात्र जायच्या त्यांच्या गेल्या, राहायच्या त्यांच्या राहिल्या.

तेव्हापासून तिची मान जी वर झाली ती झाली. कुणी काही केलं म्हणून सांगितलं की ती विचारायची, "किती आणे?" पोरानं अभ्यास झाला म्हटलं, किती आणे. सुनेनं घर झाडलं म्हटलं, किती आणे. राज्य बदललं, निजाम गेला, गावात मिरवणूक निघाली, माणसं म्हणाली आता सगळं बदललं. ती ओसरीवर बसून म्हणाली, "सगळं? चाखलं का कुणी?"

आता हौद बुजलाय. त्याच्यावर लॉऱ्या उभ्या राहतात. मी कधी तिथून गेलो की ड्रायव्हर पाइपानं गाडी धुताना दिसतात, पाणी वरच्या वर वाहून जातं. मला तिचे शब्द आठवतात आणि मी पुढं जातो.

शेवटी तिला बिदरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. हाताला सुई, वर बाटली. तिनं नर्सबाईला विचारलं, "काय चढवायलाव गं हे?"

"मिठाचं पाणी आहे, आजी."

ती माझ्याकडं बघून हसली. दात उरले नव्हते, पण हसू तेच. "ऐकलाव का? ह्यानंच मासे मेले व्हते."

नर्सबाई गोंधळली. मी सांगितलं, जुनी गोष्ट आहे. नर्सबाई गेल्यावर बायकोनं हात पुढं केला. अंगठ्यावर चामखीळ होती, पहिल्या दिवशी होती तशी. मी तो अंगठा धरून बसलो. बाटली थेंब थेंब उतरत होती.

"किती आणे झालं?" तिनं विचारलं.

मी बाटलीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "बारा आणे."

"खोटं," ती म्हणाली. "चाखल्याबिगर सांगू नगा."